परग्रहवासी असोत वा नसोत...

कोजागरीची रात्र होती. वाशिममधील एका परिचितांच्या गच्चीवर कुटुंब एकत्रीकरणाचा कार्यक्रम झाला. पद्ये झाली, मसाला दूध झाले, मंडळी निरोप घेऊ लागली. तेवढ्यात महाविद्यालयात शिकणारा एक तरुण जवळ येऊन बसला आणि आकाशाकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, तिकडे वर आपल्यासारखे बुद्धिमान कोणी असेल का? आणि वेरूळचे कैलास लेणे त्यांनीच कोरले असे म्हणतात, ते खरे का?" त्याने भ्रमणध्वनीवर एक चित्रफीतही दाखविली. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसांना छिन्नी-हातोड्याने असा डोंगर कोरणे शक्यच नव्हते, असे निवेदक तीत मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता.

प्रश्न दोन होते. पहिला विज्ञानाचा, दुसरा स्वाभिमानाचा. मुलाने दोन्ही एका दमात विचारले आणि तसेच आज सर्वत्र होत आहे. म्हणून या दोन प्रश्नांची फारकत करणे आवश्यक वाटते.

अपमानाला कौतुकाचे वेष्टन

प्रथम दुसरा प्रश्न. प्राचीन वास्तू परग्रहवासीयांनी उभारल्या, या कल्पनेला जगभर लोकप्रियता मिळाली ती एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे. मराठीतही ही पुस्तके चवीने वाचली गेली. पण या विचारातील एक मेख सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इजिप्तचे पिरॅमिड, पेरूतील नाझ्काच्या रेषा, वेरूळचे कैलास, हे सारे 'बाहेरून आलेल्यांचे' काम ठरते. फ्रान्स-जर्मनीतील गगनचुंबी चर्चे मात्र तेथील गवंड्यांनी बांधली, याविषयी कोणाला शंका येत नाही! गोऱ्यांनी केले ते कर्तृत्व आणि इतरांनी केले ते आश्चर्य. इंग्रज गेले, पण त्यांची ही नजर आपल्याच मुलांच्या भ्रमणध्वनीत शिरून बसली आहे आणि आपण ती 'आपल्या प्राचीन वैभवाचा गौरव' म्हणून पुढे पाठवीत आहोत.

कैलास लेण्याचा कर्ता अज्ञात नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात ते कोरले गेले. त्याच घराण्यातील कर्कराजाचा शके ७३४ चा, म्हणजे इसवी सन ८१२ चा, ताम्रपट बडोद्यास सापडला. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचे वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून चकित झाले आणि हे आपण कसे घडविले असे खुद्द शिल्पकारालाही नवल वाटले, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या लेखी आकाशातले पाहुणे येथे कोरायला आले नव्हते, पाहायला आले होते. कोरणारा जमिनीवरचा होता.

वाशिमकरांना तर हा विषय अधिकच जिव्हाळ्याचा वाटावा. आपले वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले, हे त्याच लेण्यातील शिलालेखावरून सिद्ध आहे. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपूर्ण राहिले. ते पाहिले की पाथरवटांनी काम कोठून सुरू केले, स्तंभ कसे मोकळे केले, हे डोळ्यांनी दिसते. परग्रहवासी एवढे समर्थ असते, तर त्यांनी काम अर्धवट कशाला सोडले असते?

रिकाम्या आकाशाला हाक

आता पहिला प्रश्न, जो खरोखरच मोठा आहे. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडला १९९५ साली. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा परताऱ्यांच्या ग्रहांची नोंद सहा हजारांवर गेली. एकट्या आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. तेव्हा जागेची टंचाई नाही. मग कोणी भेटत का नाही? एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाने १९५० साली सहकाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता आणि तो अद्याप अनुत्तरित आहे.

याचे एक उत्तर अंतरात दडलेले आहे. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे आणि माणसाच्या रेडिओ लहरी बाहेर पडू लागून जेमतेम शतक लोटले. पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर पसरलेला महाराष्ट्र म्हणजे ही आकाशगंगा असे मानले, तर वाशिमच्या बालाजी मंदिरापाशी उभे राहून मारलेली आपली हाक अजून चहूकडे ८०० मीटरच गेली आहे. तेवढ्यावर मुंबई-नागपूरहून उत्तर आले नाही म्हणून तेथे वस्तीच नाही, असे कोण म्हणेल?

या हाकेत मराठीचाही स्वर आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. अमेरिकेने १९७७ साली सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्यांत ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत आणि मराठी त्यांपैकी एक आहे. त्याच मुद्रिकेवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी आहे. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वी सोडली आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी इहलोक सोडला. गाणारी गेली, गाणे मात्र आजही पुढे चालले आहे. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर कापण्यास त्या यानाला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील.

दुसरे उत्तर काळात दडलेले आहे. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची. सूक्ष्म जीवांच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात. पण त्यानंतरचा बहुतांश काळ येथे सूक्ष्म जीवांचेच राज्य होते. दूरवर संदेश धाडणारा प्राणी तर कालपरवा अवतरला. यावरून एवढे अनुमान निघते की जीवसृष्टी कदाचित विपुल असेल, बुद्धिमान जीव मात्र दुर्मीळ असावेत. हे अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. आपल्यापुढे आजवर एकच उदाहरण आहे आणि ते आपण स्वतः आहोत.

नारळीकरांचा संयम

अशा विषयात संयम कसा ठेवावा, याचा धडा मराठी माणसाला दूर शोधावा लागत नाही. २० मे २०२५ रोजी दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर हे जीवसृष्टीचे बीज अंतराळातून पृथ्वीवर आले असावे, या फ्रेड हॉईल यांच्या मताकडे गांभीर्याने पाहत. पण ते मत मांडून थांबले नाहीत. इस्रोच्या साहाय्याने २००१ साली आणि पुन्हा २००५ साली हैदराबादहून प्रचंड फुगे सोडण्यात आले आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले गेले. त्यात जिवाणू सापडले. दुसऱ्या प्रयोगातील तीन जाती तोवर अज्ञात होत्या. त्यांना हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे देण्यात आली. किती मोठी गर्जना करता आली असती! पण २००९ साली निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट केले की हे जीव पृथ्वीबाहेरून आले, असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटांच्या नावाचे जिवाणू शेतातील मातीतही मिळाले. संयम योग्यच ठरला.

२०२५ सालीच केंब्रिज विद्यापीठातील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी संबंधित असू शकेल अशा वायूचा माग लागल्याचे सांगितले. इतर गटांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि पुरावा अपुरा ठरविला. यात कोणाचा पराभव नाही. सत्याकडे जाण्याची रीतच ती आहे.

नारळीकरांची फलज्योतिषाविषयीची मते आपल्यापैकी अनेकांना रुचत नसत. ती रुचोत वा न रुचोत, स्वतःला प्रिय असलेल्या कल्पनेलाही प्रयोगाच्या कसोटीवर उभे करण्याची त्यांची वृत्ती प्रत्येक कार्यकर्त्याने उचलावी अशी आहे.

न हादरणारी श्रद्धा

उद्या खरोखरच कोणी बुद्धिमान जीव सापडला तर आपल्या धर्माचे काय होईल? काही होणार नाही! युरोपात जिओर्दानो ब्रूनोला १६०० साली रोममध्ये जिवंत जाळण्यात आले. त्याच्यावरील आरोपांमध्ये अनेक जगांचे अस्तित्व मानण्याचाही समावेश होता. आपल्याकडे योगवासिष्ठातील लीलेच्या आख्यानात एका विश्वाच्या पोटात दुसरे विश्व उलगडते आणि ते सांगितल्याबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही. शेगावच्या महाराजांचा जयजयकार करताना विदर्भातील साधी गृहिणीही त्यांना 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' म्हणते. ज्या समाजाच्या नित्याच्या जयघोषात ब्रह्मांडेच अनंत कोटी आहेत, त्याला आणखी एका वस्तीच्या बातमीने धक्का बसण्याचे कारण नाही.

परंतु येथेच एक घसरण आहे आणि ती आपल्या माणसांनी विशेष सांभाळावी. प्रश्नाला न घाबरणे वेगळे आणि उत्तर आपल्याला आधीच ठाऊक होते असे म्हणणे वेगळे. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा दाखला आजही व्याख्यानांतून दिला जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली त्याचा सविस्तर अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे संशोधक भारतीयच होते. खोटा दाखला देणारा आपल्या परंपरेचा रक्षक नव्हे. तो खऱ्या दाखल्यांवरचाही विश्वास उडवितो.

मध्यरेषेचा वारसा

आणि खरा दाखला तर वाशिमच्या गल्लीत उभा आहे! येथील मध्यमेश्वराचे मंदिर प्राचीन भूमध्यरेषेवर असल्याचे मानले जाते. भास्कराचार्यांनी ११८३ च्या सुमारास रचलेल्या 'करणकुतूहल' ग्रंथात, लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थानांमध्ये उज्जयिनी व कुरुक्षेत्राबरोबर पर्यली, म्हणजे परळी, आणि वत्सगुल्म यांची नावे आहेत. ग्रीनविचचे नाव जगाने ऐकण्यापूर्वी कित्येक शतके आकाशाचे गणित ज्या रेषेवरून मांडले जाई, तिच्यावर आपल्या गावाचे नाव होते. ही रेषा केवळ ध्यानातून उतरली नाही. चंद्रग्रहण मध्यरेषेसाठी गणिताने कोणत्या वेळी येते आणि आपल्या गावी प्रत्यक्ष कोणत्या वेळी दिसते, या फरकावरून गावाचे देशांतर काढण्याची रीत सूर्यसिद्धान्तात सांगितली आहे. कोणीतरी रात्रभर जागून घटिका मोजल्या, तेव्हा हे ज्ञान झाले.

आजच्या मापनानुसार वाशिम उज्जैनच्या पूर्वेस सव्वा अंशाहून अधिक सरकलेले आहे, म्हणजे दोन्ही गावे एका रेषेवर नाहीत. यात भास्कराचार्यांचा मान तिळभरही कमी होत नाही. त्यांनी हाती असलेल्या साधनांनी मोजले. त्यांच्या वंशजांनी अधिक चांगल्या साधनांनी मोजावे, हाच त्यांचा खरा सन्मान होय. मध्यमेश्वराला हात जोडून घटिकापात्र विसरलो, तर आपण वारसदार कसले?

२०१८ साली केंद्राने ठरविलेल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातील चार होते आणि वाशिम त्यांपैकी एक. पण मागे राहण्याचा एक लाभ आहे. आपल्या खेड्यांतील रात्र अजून काळोखी आहे आणि आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. रिसोड तालुक्याच्या सीमेपलीकडे लोणार आहे. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेल्या त्या सरोवराच्या खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यातही जीव तगून राहतात. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात क्षारप्रेमी सूक्ष्म जीव आढळले. शेजारच्या हिंगोलीत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पुणे जिल्ह्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महादुर्बीण आहे. मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय यानाचा क्षीण संदेश तिने ऑक्टोबर २०१६ मध्ये टिपला होता. उद्या आकाशातून खरोखर कोणाची हाक आली, तर ती ऐकणारा कान मराठी मातीतही असू शकेल.

म्हणून सुचवावेसे वाटते की बालांच्या प्रत्येक शाखेने आणि आपल्या प्रत्येक विद्यालयाने महिन्यातील अमावास्येच्या आसपासची एक रात्र आकाशदर्शनासाठी राखावी. वर्षातून एक सहल लोणारला न्यावी. आणि आलेली चित्रफीत पुढे पाठविण्यापूर्वी 'हे कोणी मोजले?' असे विचारण्याची सवय घरातूनच लावावी.

त्या रात्री मी कला शाखेचा पदवीधर त्या तरुणाला एवढेच सांगू शकलो, "बाळा, वेरूळ आपल्याच पाथरवटांनी कोरले, हे मला ठाऊक आहे. वर कोणी आहे का, हे मला ठाऊक नाही. आणि खरे सांगायचे तर अजून कोणालाच ठाऊक नाही." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे शोधायचे काम अजून शिल्लक आहे तर!"

ते काम त्याच्या पिढीने हाती घ्यावे. आपण त्याच्या मार्गात खोट्या अभिमानाचे दगड ठेवू नयेत, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.