काळजी वाटते म्हणजे विश्वास उणा का?



जालन्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमानांची नोकरी सुटलेली, थोरली मुलगी बारावीला. त्या लिहितात, "ताई, मी रोज प्रार्थना करते. तरी रात्री दोनला जाग येते नि छातीत धडधडतं. माझा विश्वास कमी पडतो का?"

पत्र वाचून मला आधी हसूच आलं. आमच्या पिपरी मेघ्यातल्या घरातही तो दोन वाजताचा दिवा चांगला ओळखीचा आहे. मी तासिका तत्त्वावर शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पैसे थांबतात, आणि जूनमध्ये बोलावतील की नाही हे कोणी सांगत नाही. शेजारच्या आजींनी परवा विचारलंच, "काहून वं पोरी, तुह्या घरचा दिवा रातभर जळत होता?" म्हटलं, पेपर तपासत होते. पेपर केव्हाच संपले होते!

तेव्हा उपदेश करायचा मला अधिकार नाही. पंडिता रमाबाईंची एक हकिगत मात्र सांगावीशी वाटते. त्यांची विद्वत्ता आपण शाळेत वाचतो. मला आठवतात त्या १८९६-९७ सालच्या रमाबाई. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. आपला वर्धा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होते. तरुणपणी दुष्काळाच्या दिवसांतच त्यांचे आईवडील नि थोरली बहीण गेली होती. पुढे १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता त्या वेळची त्यांची शिल्लक पाहा. पुण्याचे शारदा सदन चालत होते अमेरिकेतल्या मंडळींच्या मदतीवर, आणि ती मदत कबूल होती फक्त दहा वर्षांची. मुदत सरत आलेली. त्यात पुण्यात प्लेग. तुम्ही-आम्ही असतो तर म्हटलं असतं, आधी घरातल्या मुलींचं बघू, मग बाहेरच्या. रमाबाई निघाल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय लावली. तेच पुढे मुक्ती मिशन झाले. तिथे विहिरी खणल्या, मुलींना विणकाम, शेती, छपाईसुद्धा शिकवली.

त्यांना धाकधूक वाटली नसेल? मला नाही तसं वाटत. चार माणसांचा स्वयंपाक करणारीलाही डब्यातलं पीठ तळाला गेलं की पोटात गोळा येतो. इथे तर शेकडो पानं! त्या प्रार्थना करीत, आणि उद्याच्या धान्याची तजवीजही करीत. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या.

आणि ईस्टरच्या पहाटेच्या त्या बाया आठवा. प्रभू उठला आहे हे त्यांना कुठे ठाऊक होतं? सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या होत्या, आणि कबरेवरची धोंड कोण सरकवणार ही चिंता वाटभर सोबत होतीच. चिंता करता म्हणून परत जा, असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

तर भगिनी, दोनला जाग आली तर कूस बदलत पडू नका. उठून दिवा लावा, कागदावर खर्च मांडा: वाण्याची उधारी, फी, गॅस. जे तुमच्या हातचं आहे त्याच्यापुढे खूण करा. बाकीचं ज्याच्या हाती आहे त्याला नाव घेऊन सांगा, अगदी आकड्यांसकट. संकोच कसला? आणि यजमानांपासून तो कागद लपवू नका. दोघं मिळून वाचा. मुलीची परीक्षा झाली की कळवा.

मी पुढच्या वर्षीच्या पुस्तकांना कव्हरं घालून ठेवली आहेत. आजींचा नातू मदतीला होता. शाळेचा निरोप अजून आलेला नाही.