करारनाम्याची अरबी

मुंबईच्या धक्क्यावरून मस्कत, बहरीन आणि कुवेत येथे जाणाऱ्या मालाचा हिशेब एके काळी आपल्याच रुपयांत होत असे, आणि तो व्यवहार इतका रूढ होता की १९५९ साली रिझर्व्ह बँकेला केवळ आखाती मुलखाकरिता निराळ्या नोटा काढाव्या लागल्या. १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार आणला, पुढे इतरांनीही आपापली नाणी पाडली आणि ते पर्व संपले. व्यापार मात्र संपला नाही. नाशिकचा कांदा आणि रत्नागिरीचा हापूस आजही दुबईच्या बाजारात उतरतो, आणि संयुक्त अरब अमिरातीशी आपण केलेला व्यापक आर्थिक भागीदारीचा करार १ मे २०२२ पासून अमलात आलेला आहे. असे असताना त्या मुलखाची भाषा व्यापाराच्या अंगाने शिकण्याची सोय आमच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सहजी लाभू नये, ही गोष्ट मला खेदाची वाटते.

अरबीचे अध्यापन आपल्याकडे नवे नाही. मुंबई विद्यापीठात तिची परंपरा जुनी आहे; परंतु ती परंपरा प्राधान्याने काव्य, व्याकरण आणि धर्मग्रंथ यांची आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न आहे तो पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील त्या विद्यार्थ्याचा, ज्याला उद्या एखाद्या निर्यातदाराच्या कचेरीत बसून बीजक, मालाच्या उगमाचा दाखला, जहाजाची भरणपावती आणि बँकेचे पतपत्र ही कागदपत्रे वाचावयाची आहेत. दुबईत हिंदी आणि इंग्रजीवर भागते, असा आक्षेप येथे घेतला जातो, आणि दुकानाच्या फळीवर तो खराही आहे. परंतु सौदी अरेबियात बीजकावर अरबी मजकूर असणे कायद्याने आवश्यक आहे, तेथील न्यायालयाचे कामकाज अरबीतून चालते, आणि अमिरातीतील नोकरीच्या करारनाम्यात दोन भाषांतील मजकुरांत तफावत निघाली तर अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. कोकणातून आखातात गेलेल्या किती माणसांनी ज्या कागदावर सही केली त्याची प्रमाण बाजू त्यांना वाचता येत नव्हती, याचा विचार केला म्हणजे हा विषय केवळ व्यापाऱ्यांचा राहत नाही.

आता अभ्याससाहित्याकडे वळतो. या विषयावर इंग्रजीत पाठ्यपुस्तके आहेत, त्यांतील काही विद्वानांनी परिश्रमपूर्वक रचलेलीही आहेत. पण ती ज्या विद्यार्थ्यासाठी लिहिली गेली त्याला अरबीतील प्रत्येक शब्द अपरिचित असतो. मराठी विद्यार्थ्याची अवस्था अगदी भिन्न आहे. शिवकालात रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचून दरबारी यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरीही व्यवहारातले कितीतरी शब्द आमच्या जिभेवरून हलले नाहीत. हिशेब, तारीख, मुदत, शर्त, हक्क, दावा, बाकी हे शब्द आपला विद्यार्थी घरूनच घेऊन येतो, आणि अरबी करारनाम्यात ते त्याला जवळजवळ त्याच अर्थाने भेटतात. करार सिद्ध होण्यास लागणारी 'ईजाब' आणि 'कबूल' ही जोडी, म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकृती, त्याला अर्धी तरी आधीच ठाऊक असते.

परंतु हाच परिचय पुढे दगा देतो, आणि म्हणूनच साहित्य येथे, मराठी जाणणाऱ्या माणसाने लिहिले पाहिजे. आपला 'वसूल' हा शब्द अरबीत केवळ पोहोचण्याचा वाचक आहे. माल वसूल झाला असे वाचून विद्यार्थ्याने पैसे पदरात पडले असे समजू नये, माल बंदरात पोहोचला एवढाच त्याचा अर्थ. 'रक्कम' म्हणजे तेथे नुसता अंक. पैशाच्या रकमेला ते 'मबलग' म्हणतात, जो शब्द आमच्या जुन्या कागदांत आकड्याच्या आधी येत असे आणि आज 'मुबलक' होऊन निराळ्याच अर्थाने नांदतो. 'वकील' हा तेथे मालाचा प्रतिनिधी असतो, न्यायालयातला कायदेपंडित नव्हे. 'करार' म्हणजे निर्णय, आणि आपण ज्याला करार म्हणतो तो त्यांचा 'अक्द'. 'जकात' हे नाक्यावरचे देणे नसून धर्माने सांगितलेले दान आहे. या पाच शब्दांची एक सारणी इंग्रजी पुस्तकात कधीही सापडणार नाही, कारण त्या लेखकाला तिची गरजच भासणार नाही.

हे साहित्य संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर का असावे, याचे कारण मला या भाषेच्या लिपीतच दिसते. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. शिकणाऱ्याने आधी स्वरचिन्हांसह वाचावे, मग ती झाकून वाचावे, अडले तर पुन्हा उघडून पाहावे, ही सोय छापील पानावर होत नाही. तीच गोष्ट कोशाची: अरबी कोश धातूंच्या क्रमाने रचलेले असतात, आणि नवशिक्याला शब्दाचा धातू ओळखता येईपर्यंत वर्ष सरते; संगणकावर तोच शब्द जसाच्या तसा शोधता येतो. एक अडचण मात्र आरंभीच सोडविली पाहिजे. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत आकडे डावीकडून उजवीकडे वाचले जातात, त्यात देवनागरी मिसळली की कंस आणि किमती भलत्याच जागी जातात, आणि बीजकात हा दोष अक्षम्य आहे.

छापील पुस्तक जुने होण्याचा वेगही येथे विलक्षण आहे. सौदीने २०१८ साली मूल्यवर्धित कर पाच टक्क्यांनी बसविला आणि २०२० च्या जुलैत तो पंधरा टक्के केला. अमिरातीने २०२२ च्या आरंभी साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर आणली. बैठकीची वेळ मागणारे नमुनापत्र जुन्या सुट्टीप्रमाणे शिकविले, तर विद्यार्थी पहिल्याच पत्रात चुकेल.

तथापि जुन्या टिपणांच्या प्रती चढवून अथवा तासाभराची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून 'ऑनलाइन अभ्यासक्रम' झाल्याचे जाहीर करणे मला मान्य नाही. अरबीत लेखनाची प्रमाणभाषा एक आणि बाजारातील बोली दुसरी. पत्र प्रमाणभाषेत लिहावे आणि दूरध्वनीवरचा आखाती व्यापारी कळावा, ही दोन्ही सामर्थ्ये विद्यार्थ्याला हवीत, आणि त्यासाठी खऱ्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण आणि विद्यार्थ्याने लिहिलेले पत्र तपासणारा शिक्षक, दोहोंचीही आवश्यकता आहे. अरबीचे अध्यापक कर-कायदा जाणत नाहीत, वाणिज्याचे अध्यापक अरबी जाणत नाहीत; तेव्हा दोघांना एका मेजावर बसवून, त्यांच्या शेजारी आखातात वीस वर्षे काम करून परतलेला एखादा हिशेबनीस बसवावा आणि त्याला मानधन द्यावे.

केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे आणि तेथील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत धरण्याची तरतूदही झालेली आहे. मुंबई आणि पुणे येथील विद्यापीठांनी मिळून एका सत्राचा, मराठी माध्यमाचा, सर्वांस खुला असा व्यापारी अरबीचा पाठक्रम रचावा, आणि त्याचा पहिला पाठ नोकरीच्या करारनाम्याचा असावा, अशी माझी त्यांच्या कुलगुरूंना विनंती आहे.