टकळीची चकती

आमच्या देवघराच्या फडताळांत एक जुनी टकळी आहे. आमचे आजोबा तिच्यावर जानव्याचें सूत काढीत. चार बोटांभोवतीं शहाण्णव चौंगे मोजण्याचें त्यांचें काम चालू असतां घरांत कोणीं बोलण्याची प्राज्ञा नसे. गेल्या महिन्यांत धाकट्या मंडळींनीं ती टकळी बाहेर काढली आणि विचारलें, "ही खालची चकती कशाकरितां?" फिरण्यास जोर यावा म्हणून, असें उत्तर आम्हीं तात्काळ देऊन टाकलें. तें चूक नव्हतें; परंतु किती अपुरें होतें हें पुढें वाचन करितां आमच्या ध्यानांत आलें.

जमिनींत पुरलेलें कापड सहसा टिकत नाहीं. आपल्या नेवाशास प्रवरेच्या कांठीं डेक्कन कॉलेजनें केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगांतील धाग्याचे अवशेष मिळाले, ते तांब्याच्या मण्यांच्या सान्निध्यामुळें वांचले म्हणूनच. एरवीं हातीं लागतात त्या मातीच्या अथवा दगडाच्या भोंकें पाडलेल्या चकत्या आणि मागाचीं वजनें. राजांच्या मुद्रा कांचेच्या कपाटांत मांडल्या जातात आणि ह्या चकत्या खोक्यांत पडून राहतात, हा अनुभव सर्व देशांतला आहे.

डेन्मार्कमध्यें कोपनहेगन विद्यापीठांत 2005 सालीं प्राचीन वस्त्रांच्या अभ्यासाचें एक केंद्र निघालें. ईव्हा आंडरसन स्ट्रांड आणि मारी-लुईझ नॉश ह्या दोन विदुषींनीं तेथें ग्रीस व पूर्व भूमध्य प्रदेशांतील कांस्ययुगीन साधनांचा विचार चालविला. त्यांची रीत साधी पण कडक होती. चकत्यांच्या हुबेहूब प्रतिकृति करावयाच्या. लोंकर व जवसाचा तंतु जुन्या पद्धतीनेंच तयार करावयाचा. आणि प्रत्येक काम निदान दोन कसबी कारागिरांनीं स्वतंत्रपणें करावयाचें, म्हणजे एकीच्या हाताची लकब ही साधनाचा गुण ठरूं नये. प्रयोगापूर्वीं हात बसविण्यास वेळ द्यावयाचा तो निराळाच. ह्या सर्वाचा वृत्तांत 2015 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

अवघ्या चार ग्रॅमांची चकती सूत कांतण्यास फार हलकी, ती मणी किंवा गुंडी असावी, अशी पुष्कळांची समजूत होती. प्रयोगांत तिच्यावर उत्तम, अतिशय बारीक सूत निघालें. चकती जड होत जाते तसें सूत जाड होत जातें. म्हणजे चकती तराजूंत घातली कीं नष्ट झालेल्या वस्त्राचा पोत कांहीं अंशीं हातीं येतो. सुताचा वेग तासास साधारण 35 ते 50 मीटर भरला.

ह्या आंकड्यावरून आम्हीं पाटीवर एक हिशेब मांडला. सेंटिमीटरांत वीस उभे व वीस आडवे धागे अशा विणीच्या एका चौरस मीटरास चार हजार मीटर सूत लागतें. नऊवारी लुगडें साडेनऊ चौरस मीटरांच्या आसपास धरलें, तर अडतीस किलोमीटर सूत झालें. तासास चाळीस मीटर ह्या वेगानें साडेनऊशें तास! घरकाम उरकून रोज चार तास कांतणाऱ्या बाईचे हे आठ महिने, आणि माग अद्याप लावावयाचाच आहे. लोंकरीचा वेग कापसास जशाचा तसा लागू पडणार नाहीं हें आम्ही जाणतों. तथापि पाटीकडे पाहून घरांतील पुरुषमंडळी कांहीं वेळ गप्प होती.

मागाच्या वजनांची कथा याहून चमत्कारिक. त्या प्रदेशांत माग उभा असे. ताणा वरून सोडलेला आणि खालीं वजनें बांधलेलीं. पूर्वीं ह्या वजनांचा केवळ आकार पाहत. प्रयोगाअंतीं दिसलें कीं, भार आणि जाडी ह्या दोनच गोष्टी निर्णायक आहेत. धाग्यास वीस ग्रॅम ताण हवा असेल, तर तीनशें ग्रॅमांचें वजन पंधरा धागे धरील. पुढें-मागें दोन ओळी असतां, वजन दोन सेंटिमीटर जाड असेल तर तेवढ्या रुंदींत तीस धागे बसतात. वीण दाट येते. तोच भार पण जाडी सहा सेंटिमीटर असली, तर धागे तीसच, मात्र तिप्पट रुंदींत पसरलेले, कापड विरळ. पाटा-वरवंट्याचा दगड पारखणाऱ्या आपल्या भगिनींना ही गोष्ट समजावून सांगावी लागेल असें वाटत नाहीं.

अर्थात् प्रयोगानें सिद्ध होतें तें एवढेंच कीं, असें करतां येतें. कांस्ययुगांतील बाई तसेंच करीत होती असें त्यावरून म्हणतां येत नाहीं, आणि ही मर्यादा संशोधक स्वतः पाळतात, हें आम्हांस विशेष आवडलें.

इतकें वाचल्यावर आम्हांसही हुरूप आला. पेळू घेऊन बसलों आणि अर्ध्या तासांत धागा इतक्या वेळां तुटला कीं मुलांनीं मोजणें सोडून दिलें. अखेर आमच्या आत्याबाईंनीं टकळी हातांतून घेतली. त्या आजोबांजवळ बसून लहानपणीं शिकलेल्या. मध्यंतरीं पन्नास वर्षें टकळीला हात नव्हता. पहिले दोन धागे त्यांचेही तुटले. तिसरा मात्र वीतभर, मग हातभर लांबत गेला. "बोटांना आठवलें हो," एवढेंच त्या म्हणाल्या. चकती काढून तराजूंत घालण्याचा आमचा बेत होता. परंतु संध्याकाळपर्यंत त्यांनीं टकळी खालीं ठेविली नाहीं.