कळा तिच्या, हरकत यांची

कळा सोसल्याशिवाय बाई खरी आई होत नाही, हे व्याख्यान सध्या डोहाळजेवणापासून गर्भसंस्काराच्या वर्गापर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. व्याख्याते बहुधा पुरुष असतात. महाशयांचं म्हणणं थोडक्यात असं : एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायला कमरेतून देतात ती भूल, हे बड्या इस्पितळांनी काढलेलं खूळ आहे, त्यानं जन्माची पाठ धरते, नॉर्मल होणारी सिझरला जाते, बाळ गुंगीत जन्मतं. शिवाय हल्लीच्या मुलीच नाजूक. आपल्या आज्या शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकऱ्या थापत होत्या!

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. भाकऱ्या थापणाऱ्या आज्यांच्या गोष्टी महाशयांपर्यंत पोचल्या. ज्या बाळंतपणातच गेल्या, त्या सांगायला उरल्या नाहीत. बाळाच्या गुंगीचं म्हणाल, तर पेथिडिनसारखं वेदनाशामक इंजेक्शन रक्तातून बाळापर्यंत पोचतं आणि त्याचा श्वास मंदावू शकतो. एपिड्युरलमध्ये औषध मज्जातंतूंजवळच सोडतात, त्यामुळे डोस कमी लागतो आणि बाळापर्यंत फार थोडं जातं. एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारलाय. सिझरचं म्हणाल, तर एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत सिझरचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

आता पाठ. या पाठीवर महाशयांचा फार जीव. नऊ महिने पोटाचं ओझं वाहून, सांधे सैलावून, पुढे दिवसरात्र वाकून बाळाला पाजणाऱ्या बाईची पाठ दुखते, हे खरंच. एपिड्युरल न घेतलेलीचीही तशीच दुखते. सुई टोचली तिथे काही दिवस हुळहुळतं. जन्माची पाठदुखी त्यातून येते, असं तुलनेत आढळलेलं नाही. सुई पाठीत राहतही नाही. बाई खाटेच्या कडेला बसते, उशी कवटाळून पाठ बाहेर काढते. भूलतज्ज्ञ कमरेचे मणके बोटांनी चाचपतो, दोन कळांच्या मधल्या उसंतीत सुई घालतो, तिच्यातून एक बारीक नळी सरकवतो आणि सुई काढून घेतो. नळी चिकटपट्टीनं खांद्यापर्यंत लावून ठेवतात. पंधरा-वीस मिनिटांत कळेची धार बोथट होते. हल्ली औषध पातळ करून देतात, म्हणून पाय बहुतेकींना हलवता येतात.

आणि पाठीची एवढीच काळजी असेल, तर ती सिझरच्या वेळी कुठे जाते? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातली सुमारे 25 बाळंतपणं सिझरनं झाली. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत 47. सिझर होणाऱ्या बहुतेकींना पाठीतच इंजेक्शन मिळतं. तेही एपिड्युरलपेक्षा थोडं आत, थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात. तेव्हा नवरा दोन मिनिटांत फॉर्मवर सही करतो, सासरे पेढ्यांची चौकशी करतात, कुणाला पाठ आठवत नाही. तीच कंबर, तेच मणके! म्हणजे हरकत सुईला नाहीच. डॉक्टरांनी सांगितली तर सुई औषध ठरते. बाईनं मागितली की संस्कृती बुडते.

हा वाद जुनाच आहे. 1847 मध्ये एडिंबरात बाळंतिणीला ईथर आणि मग क्लोरोफॉर्म देण्यात आलं, तेव्हाही वेदना ही देवाचीच योजना असल्याचं सांगणारे पुढे आले होते. 1853 मध्ये इंग्लंडच्या राणीनं स्वतःच्या आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं आणि बऱ्याच विद्वानांचा आवाज खाली आला. आपल्याकडेही दवाखान्यात बाळंत होणं हेच कधीकाळी थेर होतं. त्या थेरांत जन्मलेली मंडळीच आज निसर्गाची वकिली करतात.

एपिड्युरलला दोष नाहीत, असं कुणी म्हणत नाही. रक्तदाब उतरतो, खाज सुटते, ताप येतो, लघवीला नळी लागू शकते. बाळ बाहेर येण्याचा शेवटचा टप्पा लांबतो. कधी एकाच बाजूला दुखणं उरतं. शंभरात साधारण एकीला मज्जारज्जूच्या आवरणाला भोक पडून जबर डोकेदुखी होते. प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर सहसा देत नाहीत. हे सगळं तिला आधी सांगायला हवं, आणि मग ती नको म्हणाली तर तेही शिरसावंद्य. ऑक्सिजनमध्ये मिसळून ओढायचा वायू, कोमट पाणी, हात धरून बसणारी आई किंवा नवरा, हेही पर्याय आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी निरोगी बाईनं मागितल्यास एपिड्युरल द्यावं, असंच सांगतात.

खरी अडचण महाशय बोलतच नाहीत. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ चार दवाखान्यांत फिरता असतो. सिझरपुरता येतो आणि जातो. एपिड्युरलसाठी तो तासन् तास हाकेच्या अंतरावर हवा आणि रक्तदाब बघणारी सिस्टर खाटेशी. म्हणून सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा : रात्री भूलतज्ज्ञ मिळेल का, खर्च किती, नळी कोण सांभाळणार? उत्तरं मिळाल्यावर निर्णय जिला कळा येणार आहेत तिनंच घ्यावा. बाकीच्यांनी बाहेर बाकड्यावर बसावं.