एका अल्बमची दोन गाणी, यशाची तीन मापे

आपल्या जुन्या वॉर्नर कंपनीकडे परतत असल्याचे आणि निर्माता स्टुअर्ट प्राइसबरोबर नवा नृत्यसंगीताचा अल्बम करीत असल्याचे मॅडोनाने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. या जोडीचे नाव निघाले की, २००५ च्या 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर'ची आठवण अपरिहार्य ठरते. आणि त्यामागोमाग चाहत्यांचा जुना वादही येतो. 'हंग अप' सरस की 'सॉरी'?

वरकरणी हा रिकामपणचा उद्योग वाटेल. परंतु लोकप्रियतेची मोजदाद कशी होते, हे समजून घेण्यासाठी या वादासारखे उदाहरण नाही.

'हंग अप' ऑक्टोबर २००५ मध्ये आले. घड्याळाच्या टिकटिकीतून उमलणाऱ्या या गाण्याचा कणा आहे तो स्वीडनच्या 'अ‍ॅबा'च्या १९७९ च्या 'गिमी! गिमी! गिमी!'ची प्रसिद्ध सुरावट. 'अ‍ॅबा'चे संगीतकार आपल्या सुरावटी सहसा कोणाला वापरू देत नाहीत. त्यामुळे मॅडोनाला पत्र पाठवून रीतसर परवानगी मागावी लागली आणि गीतकारांच्या यादीत बेनी अँडरसन व ब्योर्न उल्व्हेअस यांची नावे आली. फेब्रुवारी २००६ मधील 'सॉरी'वर मात्र केवळ मॅडोना आणि प्राइस यांचीच नावे आहेत. 'सॉरी'चे समर्थक नेमके येथेच बोट ठेवतात. त्यांच्या मते पहिले गाणे उसन्या ऐश्वर्यावर उभे आहे, दुसरे स्वतःच्या पायांवर. अर्थात हा युक्तिवादही निखळ नाही. 'सॉरी'च्या ठेक्याखालील बासमध्ये जॅक्सन बंधूंच्या 'कॅन यू फील इट'ची छाया अनेकांना जाणवते. माफीचे शब्द अनेक भाषांत उच्चारणाऱ्या या गाण्यात हिंदीलाही स्थान आहे, ही भारतीय श्रोत्याला सुखावणारी बाब.

मग आकडे काय सांगतात? ब्रिटनमध्ये दोन्ही गाणी पहिल्या क्रमांकावर पोहोचली. 'हंग अप' तर ४१ देशांत अव्वल ठरले आणि गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. अमेरिकेत चित्र वेगळे होते. तेथील 'हॉट १००' यादीत 'हंग अप' सातव्या स्थानापर्यंत गेले. पहिल्या दहांतील गाण्यांच्या संख्येत मॅडोनाने त्यामुळे एल्व्हिस प्रेस्लेची बरोबरी केली. 'सॉरी' मात्र ५८ व्या स्थानावर अडखळले. गंमत अशी की, त्याच अमेरिकेच्या नृत्यक्लबांच्या यादीत दोन्ही गाणी पहिली होती.

एकाच गाण्याला एकाच देशात पहिला आणि अठ्ठावन्नावा असे दोन क्रमांक कसे मिळतात? त्याचे उत्तर मोजपट्टीत आहे. 'हॉट १००'मध्ये विक्रीबरोबर रेडिओवरील प्रसारणालाही मोठे वजन होते. त्या काळी अमेरिकी रेडिओचा कल हिप-हॉप आणि आर अँड बीकडे होता. ४७ वर्षांच्या गायिकेच्या डिस्को ठेक्याला तेथे फारशी जागा नव्हती. 'हंग अप'ला डाउनलोडच्या विक्रीने तारले. शिवाय अल्बमचे पहिले गाणे म्हणून कुतूहल आणि प्रसिद्धी त्याच्या वाट्याला आली. 'सॉरी' आले तेव्हा निष्ठावान चाहत्यांनी अल्बम आधीच विकत घेतला होता. तेच गाणे सुटे घेण्याचे त्यांना कारण नव्हते. थोरल्याच्या कौतुकात धाकट्याकडे दुर्लक्ष व्हावे, तसाच हा प्रकार.

म्हणूनच 'आकड्यांनी निकाल लागला' असे म्हणणे घाईचे ठरेल. आकडे गाण्याची गुणवत्ता मोजत नाहीत. ते श्रोत्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा मोजतात, आणि त्या वाटांवरचे दरवाजे उघडण्याचा अधिकार इतर कोणाच्या तरी हाती असतो. तेव्हा तो रेडिओच्या कार्यक्रम-नियोजकांकडे होता. आज त्यातील मोठा वाटा संगीत-सेवांच्या गणिती शिफारशींकडे गेला आहे. दरवान बदलला, दरवाजा कायम राहिला.

चाहत्यांच्या वादाचे मोल यातच आहे. यादी बाजूला ठेवून ते पुन्हा कानांनी ऐकतात, ठेका, शब्द आणि आवाज यांची तुलना करतात आणि आपला कौल स्वतः देतात. मूळ अल्बममध्ये एका गाण्यातून दुसरे गाणे खंड न पडता उमलते. 'हंग अप' पहिले, 'सॉरी' तिसरे. हा ओघ ऐकणाऱ्याला कदाचित निवड करावीशीच वाटणार नाही. ती करायची झाली, तर मोजपट्टी मात्र त्याची स्वतःची असावी.