पेट्रोवेत्सचा उत्सव आणि आपले संमेलन

सर्बियाच्या उत्तर भागात, नोव्ही साद शहराजवळ, बाच्की पेट्रोवेत्स नावाचे गाव आहे. देश सर्बियाचा, पण गावात घरोघरी बोलतात ती स्लोव्हाक भाषा. ही मंडळी मूळची उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली. तुर्कांची सत्ता हटल्यावर ओस पडलेली सपाट जमीन कसायला माणसे हवी होती, म्हणून १७४५ मध्ये स्लोव्हाक कुटुंबे येथे येऊन वसली. होळकर-शिंद्यांबरोबर आपले पूर्वज माळव्यात पाय रोवत होते, साधारण तोच हा काळ. त्यामुळे या गावाची हकीकत आम्हांला परकी वाटली नाही.

दरवर्षी ऑगस्टमध्ये पेट्रोवेत्सला स्लोव्हाकांचा मोठा उत्सव भरतो. आसपासच्या गावांतून नाचणाऱ्या-गाणाऱ्यांची पथके येतात. बायकांचे चुणीदार घेरदार घागरे, भरतकाम केलेले रुमाल, नाटके, चित्रांची प्रदर्शने, सगळे असते. लाल तिखट आणि लसूण घातलेले तिथले सॉसेजही प्रसिद्ध आहे. (आमच्या शाकाहारी वाचकांनी हे वाक्य गाळावे.) कोवाचित्सा या दुसऱ्या स्लोव्हाक गावात तर शेतकरीच चित्रकार झाले. मार्टिन योनाश यांच्या चित्रांतल्या माणसांची डोकी लहान आणि हात भले मोठे, कष्टकऱ्याचे हात! या गावाच्या चित्रपरंपरेला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

पण आम्हांला सांगायचे आहे ते निराळेच. हा उत्सव सुरू झाला १९१९ मध्ये आणि त्याच वर्षी पेट्रोवेत्सला स्लोव्हाक भाषेचे हायस्कूल उघडले. याला कारण होते. आधीच्या हंगेरियन राजवटीत स्लोव्हाकांची होती नव्हती ती तिन्ही हायस्कुले १८७४-७५ मध्ये बंद केली गेली होती. जवळजवळ अर्धशतक गाणी राहिली, पोशाख राहिले, पण वरच्या इयत्तांत आपली भाषा नव्हती. संधी मिळताच या लोकांनी उत्सव आणि शाळा दोन्ही एकदमच उभी केली. ते हायस्कूल आजही चालू आहे. मुले स्लोव्हाकमधून शिकतात आणि सर्बियनही शिकतात.

कोणी विचारील, मग काय साधले? सर्बियातल्या स्लोव्हाकांची संख्या २०११ मध्ये ५२ हजारांवर होती, ती २०२२ मध्ये ४२ हजारांच्याही आत आली. खरे आहे. मुले कमी जन्मतात, तरुण शिक्षणाला, नोकरीला बाहेर जातात. पण त्यांतले पुष्कळजण स्लोव्हाकियाला जातात, आणि तिथल्या विद्यापीठात त्यांना भाषा नव्याने शिकावी लागत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही लागत नाही, हे थोडे नव्हे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वार्षिक संमेलनात लेझीम असते, मंगळागौरीचे खेळ असतात, नऊवारी भाड्याने आणली जाते, फोटो सुंदर येतात. मात्र तालमीत सूचना हिंदीत, निवेदन हिंदीत, आणि मुलीला गाण्याचा अर्थ विचारला तर ती आईकडे पाहते, आई आजीकडे. यात मुलांचा दोष नाही. चार गुण जास्त मिळतील म्हणून मराठीऐवजी दुसरा विषय घ्यायला लावणारे आपणच, आणि मराठीचा तास वेळापत्रकात सर्वांत शेवटी ठेवणारेही आपणच. आम्हीही त्यातलेच, हे कबूल करतो.

लेझीम बंद करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. लेझीमच्या ओढीने शाळेत रमलेली मुले आम्ही पाहिली आहेत. यंदा एवढेच करून पाहू या: तालीम मराठीतून घ्यावी, निवेदन मुलांनी स्वतः लिहावे, चुकले तरी चालेल. पालकांनी अर्ज भरताना मराठीच्या रकान्यापाशी क्षणभर थांबावे. आणि कमी पटसंख्येमुळे मराठीचा वर्ग बंद करण्याचा विषय विश्वस्त मंडळापुढे येईल, तेव्हा त्या बैठकीला पालकांनाही बोलवावे, अशी आमची विनंती आहे.