कायद्याच्या नावाने भयाचा बाजार

कायदा पाळणाऱ्या माणसाला कायद्याचे भय वाटू नये, ही सुराज्याची पहिली खूण मानली जाते. गेल्या काही वर्षांत देशातील असंख्य वृद्धांच्या वाट्याला मात्र नेमका उलट अनुभव आला आहे. ज्याने जन्मात पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, ज्याने कर वेळच्या वेळी भरला आणि निवृत्तीच्या पुंजीला धक्का न लावता संसार केला, त्यालाच एके दिवशी दूरध्वनी येतो. ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत’ किंवा ‘तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे,’ असे त्याला सांगण्यात येते. पाठोपाठ व्हिडिओ कॉलवर गणवेशातील ‘अधिकारी’ अवतरतो, न्यायालयाची मुद्रा असलेला बनावट आदेश येतो आणि ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात’ अशी घोषणा होते. कॅमेरा बंद करायचा नाही, खोली सोडायची नाही आणि कोणाशीही बोलायचे नाही. मग ‘पडताळणीसाठी’ मुदत ठेवी मोडायला लावल्या जातात. आयुष्यभराची बचत काही दिवसांत नाहीशी होते.

असे लोक भोळसट असतात, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. २०२४ साली लुधियानातील ८२ वर्षांच्या एका नामवंत उद्योगपतींना ठगांनी चक्क सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ऑनलाइन सुनावणी’पुढे बसवले. तोतया सरन्यायाधीश उभा केला आणि त्यांच्याकडून ७ कोटी रुपये उकळले. मोठा उद्योगसमूह चालवणाऱ्याची ही गत, तर निवृत्त शिक्षकाचा किंवा एकट्या राहणाऱ्या विधवेचा काय पाड लागावा? हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याचे १ कोटीहून अधिक रुपये अशाच बनावट आदेशांच्या आधारे लुबाडले गेले. त्यांच्या तक्रारीची सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. या प्रकारात देशभर सुमारे ३,००० कोटी रुपये लुटले गेल्याची माहिती पुढे आल्यावर न्यायालयालाही धक्का बसला. १ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवण्याचा आदेश दिला. ज्या संस्थेचे नाव घेऊन लूट झाली, तिलाच लुटारूंचा माग काढण्याचे काम मिळाले, हे उचितच झाले.

‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा झाला पाहिजे आणि त्यावर कुटुंबातील किंवा त्या भागातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष हवी. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावी लागते. आरोपीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याचा हक्क तर राज्यघटनेनेच दिला आहे. खऱ्या कायद्यातील आणि खोट्या कायद्यातील भेद येथेच उघडा पडतो. खरा कायदा म्हणतो, ‘घरच्यांना कळवा.’ ठग म्हणतो, ‘कोणालाही सांगू नका.’ ज्या क्षणी हे दुसरे वाक्य कानी पडेल, त्या क्षणी समोरचा माणूस चोर आहे असे समजावे. याहून सोपी कसोटी नाही.

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘थांबा, विचार करा आणि कृती करा’ असा सल्ला देशाला दिला. सल्ला रास्तच आहे. पण भेदरलेल्या माणसाला एकट्याने थांबता येत नाही. त्याला थांबवणारे दुसरे कोणीतरी जवळ असावे लागते. ठगांचे खरे भांडवल वृद्धांचे अज्ञान नसून त्यांचे एकाकीपण आणि अब्रूची चाड हे आहे. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, शेजाऱ्याचे दार बंद आणि बदनामीची धास्ती मनात. या पोकळीत खोटा गणवेशही खरा वाटू लागतो.

बँकांनीही हात झटकून चालणार नाही. ग्राहकाच्या नकळत खात्यातून गेलेल्या पैशाबाबत रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने दिलासा दिला. येथे मात्र ग्राहक स्वतःच्या हाताने रक्कम पाठवतो आणि संरक्षणाच्या कक्षेबाहेर पडतो. अनेकदा त्यासाठी तो शाखेत जाऊन ठेव मोडतो. पंचाहत्तरीचा खातेदार कापऱ्या हाताने सगळ्या ठेवी मोडून अनोळखी खात्यात भरू पाहत असेल, तर ‘काका, कोणाचा फोन आला होता का?’ हा एक प्रश्न लाखमोलाचा ठरतो. तो विचारणे ही कर्मचाऱ्याची केवळ सदिच्छा न राहता बँकेची कार्यपद्धती झाली पाहिजे.

या बाजाराची दुसरी बाजूही तितकीच विदारक आहे. नोकरीच्या आमिषाने म्यानमार, कंबोडियासारख्या देशांत नेलेल्या भारतीय तरुणांना डांबून ठेवून असे सायबर गुन्हे करवून घेतले जातात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या अशा केंद्रांतून सुटलेल्या शेकडो भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. लुटीची रक्कम फिरते ती चार पैशांच्या लोभाने भाड्याने दिलेल्या आपल्याच माणसांच्या बँक खात्यांतून. नातवाच्या वयाच्या हातांनी आजोबांची पुंजी लुटावी, हे केवळ पोलिसी प्रकरण नव्हे. ते समाजाचेही अपयश आहे.

म्हणून उपायही समाजातूनच उभा राहिला पाहिजे. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, गृहनिर्माण संस्था आणि सार्वजनिक मंडळे यांनी आपल्या परिसरातील एकट्या वृद्धांची विचारपूस हे नित्याचे व्रत मानावे. १९३० हा सायबर मदत क्रमांक प्रत्येक घरात दर्शनी लावावा. पैसे गेलेच, तर पहिल्या काही तासांतच तेथे कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता आली तरच ती हाती लागण्याची आशा असते. फसलेल्याला ‘तुम्हाला एवढे कळले नाही का?’ असे विचारण्याचा मोह मुलांनी आवरावा. त्या एका प्रश्नाच्या भीतीने कित्येक आईवडील गप्प राहतात आणि ठगांना तेवढी शांतता पुरते. वृद्धांभोवती तंत्रज्ञानाची तटबंदी उभी राहील तेव्हा राहो. बोलत्या माणसांची तटबंदी आजच उभारता येते.